बोयाला आणि त्याच्या दोर-साखळीला शिंपले चढू नयेत म्हणून तुम्ही काय करता?

कर्लीकाठ
१२ ऑक्टोबर, रात्री ९.४८

मंडळी, गेली पाच वर्षं इथे नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय. मालवणजवळ देवबागला आमच्या पर्यटकांना फिरवणाऱ्या दोन फायबरच्या होड्या आहेत. त्यांच्यासाठी आणि भावाच्या होड्यांसाठी मिळून चार मूरिंग, म्हणजे पाण्यात होडी बांधून ठेवायच्या सोयी, आहेत. रचना साधी आहे. तळाला सहाशे किलोचा काँक्रीटचा ठोकळा, त्याला १० मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) साखळी, साखळीला स्विव्हल (गरगर फिरणारा जोड), स्विव्हलपासून वर २२ मिलिमीटरचा दोर आणि दोराला साठ लिटरचा प्लास्टिकचा बोया. पाणी भरतीला सहा मीटर. नारळी पौर्णिमा होऊन दर्या शांत झाला की टाकतो, मे अखेर काढतो.

तक्रार अशी की दिवाळीला टाकलेला दोर शिमग्यापर्यंत दंडाएवढा जाड होतो. वर शेवाळ, खाली बार्नॅकल (कडक पांढऱ्या कवचाचे, घट्ट चिकटणारे जीव), मध्ये शिणाण्यांचे, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांचे, घोस. ओहोटीचं पाणी जोरात निघालं की बोया पाण्याखाली जातो आणि होडी घेऊन येणारा पोरगा तो शोधत बसतो. गेल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून बोटीचा शिंपले-रोधक रंग बोयाला मारला. दीड महिन्यात त्याची सालपटं निघाली, केळीच्या सालीसारखी.

पण खरं दुखणं वेगळंच. मार्चमध्ये एका रात्री भावाची होडी सुटली. सुदैवाने आत खाडीच्या वाळूवर जाऊन बसली, बाहेर गेली असती तर संपलं होतं. बघितलं तर दोर शाबूत, बोया शाबूत, स्विव्हलच्या खालची पहिली कडी तुटलेली. त्या कडीवर एवढे बार्नॅकल होते की वरून लोखंड दिसतच नव्हतं. महिन्याभरापूर्वी मी स्वतः डुबकी मारून तिला हात लावून आलो होतो आणि "ठीक आहे" म्हणालो होतो.

यंदा असं नको आहे. कोण काय करतं ते सांगा. महागडे उपाय सांगितलेत तरी वाचेन, करेनच असं नाही.

पाणबुड्या_पक्या
१२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

+१. वाचतोय. आमच्याकडेही हीच रड आहे.

आबा_तांडेल
१२ ऑक्टोबर, रात्री १०.३१

बाबू, रंगाचे पैसे पाण्यात घालू नको. आमच्या बापाशीच्या वेळेक बोया म्हणजे सुको भोपळो नायतर लाकडाचो ओंडको. पंधरा दिसांनी काढूचो, रेवेर टाकूचो, दुसरो घालूचो. उन्हात पडलो की आठ दिसांत सगळा आपसूक सुटता. दोर दोन ठेव. येक पाण्यात, येक वाळत. ह्याच्यापलीकडे जादू नाय.

आणि शिणाणे काढतलस तेव्हा माका एक टोपली धाड.

सागरशाळा
१३ ऑक्टोबर, सकाळी ८.१२

आबा, टोपलीचं नंतर बोलू. आधी कर्लीकाठ यांना थोडं शास्त्र सांगते. मी गोव्यात सागरी जीवशास्त्रात काम करते आणि पाण्यात पट्ट्या टांगून त्यांच्यावर काय चढतं ते मोजणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे.

स्वच्छ वस्तू समुद्रात टाकली की काही तासांतच तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसतो. त्यावर जिवाणू येतात, मग एकपेशीय शेवाळ. आपल्या बोटांना बुळबुळीत लागतं ते हे. बार्नॅकल आणि शिंपल्यांची पिल्लं त्यानंतर काही दिवसांत ते काही आठवड्यांत येतात. बार्नॅकल हा शिंपला नव्हेच, तो कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद. त्याचं शेवटच्या टप्प्यातलं पिल्लू काही खात नाही, त्याचं काम एकच, जागा शोधणं. पुढच्या मिश्यांनी पृष्ठभागावर चालून बघतं, पसंत पडली तर डोकं खाली करून चिकटतं, आणि एकदा चिकटलं की आयुष्यभर तिथेच.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की हे पिल्लू जागा निवडताना आपली माणसं आधीपासून आहेत का ते बघतं. मोठ्या बार्नॅकलच्या अंगातल्या प्रथिनांचा माग त्याला लागतो. म्हणून खरवडताना वरचं कवच उडवून खालची पांढरी चकती तशीच ठेवलीत तर पुढच्या पिढीला तुम्ही पाटी लावून ठेवली असं समजा.

आपल्या किनाऱ्यावर हे प्रकरण कमीअधिक वर्षभर चालतं. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा मंदावतं आणि खारटपणा परतला की पुन्हा जोर धरतं. म्हणजे तुम्ही मूरिंग टाकता नेमकं तेव्हाच पाहुणे जागा शोधत असतात.

आता टोपली. बंदराजवळच्या, बोटींच्या गर्दीतल्या, त्यातून रंग मारलेल्या बोयावरचे शिणाणे खाऊ नका. शिणाणे पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं. खडपावरचे खा, मी पण येईन.

आबा_तांडेल
१३ ऑक्टोबर, सकाळी ९.००

सत्तर वर्सा खातंय गो बाय. पण रंगाचो मुद्दो बरोबर.

निवृत्त_बोयावाला
१३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

बंदरात दिशादर्शक बोयांच्या देखभालीवर तीस वर्षं काढली. धागाकर्त्यांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले आहेत, ते आधी सोडवू.

बोया बुडतो तो वजनाने कमी आणि ओढीने जास्त. तुमचा साठ लिटरचा बोया समुद्राच्या पाण्यात साधारण एकसष्ट किलो उचलतो, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा करा. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, पाण्यात दोनच्या जरा खाली. दोर जवळजवळ तरंगताच. म्हणजे हिशेबाने पुष्कळ उचल शिल्लक राहते. शिणाणे हवेत तोलले तर चाळीस किलो भरतील, पण पाण्यात त्यांचं वजन त्याच्या लहानशा हिश्श्याइतकंच. मग बोया खाली का जातो? कारण २२ मिलिमीटरचा दोर शंभर मिलिमीटरचा झाला की वाहत्या पाण्याला अडवणारं अंग साडेचारपट झालं, आणि खडबडीत झालं ते वेगळंच. ओहोटी त्या दोराला आडवं पाडते आणि बोयाला बरोबर खाली ओढते. वारा उलटा असेल तर हीच ओढ तुमच्या होडीला आणि ठोकळ्याला बसते. ठोकळा सहाशे किलोचा म्हणता, पाण्यात तो साडेतीनशेच्याही आत येतो हे लक्षात असू द्या. काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण पाण्याखाली त्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भार उतरतो.

दुसरा प्रश्न कडी तुटण्याचा. एक विचारतो, तुमचं स्विव्हल कशाचं होतं?

कर्लीकाठ
१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५

एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं. जीआयचं दोन वर्षांत गंजलं म्हणून खास मुंबईहून आणवलं. त्याला काहीही झालेलं नाही, अजून चकचकीत आहे.

निवृत्त_बोयावाला
१३ ऑक्टोबर, रात्री ८.०२

तेच. चोर सापडला.

स्टेनलेस आणि जस्त चढवलेलं लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून ठेवलंत की दोघांची मिळून एक बॅटरी होते. स्टेनलेस सुखरूप राहतं आणि किंमत शेजारची कडी मोजते. आधी तिचं जस्त जातं, मग लोखंड. म्हणून तुमची नेमकी स्विव्हलखालची पहिली कडी गेली आणि पाचवी-सहावी ठणठणीत राहिली. त्या कडीवर शिंपले नसते तर गंजाचा लाल रंग तुम्हाला डिसेंबरातच दिसला असता. शिंपल्यांनी कडी तोडली नाही, त्यांनी ती झाकली.

आणि स्टेनलेसही अमर नाही. बार्नॅकलच्या चकतीखाली प्राणवायू पोचत नाही, तिथे त्याला टाचणीएवढी भोकं पडतात, बाहेरून काही कळत नाही. पाण्याखालच्या मूरिंगला सगळं एकाच धातूचं ठेवा: जीआय साखळी, जीआय शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी), जीआय स्विव्हल. गंजेल, पण दिसेल असं गंजेल.

जाता जाता अजून एक. साखळीचा जो भाग भरती-ओहोटीला तळावर आपटत, वाळूत घासत राहतो तिथे एकही शिंपला तुम्हाला दिसणार नाही. लोक तो भाग बघून खूश होतात. कडी सगळ्यात जास्त तिथेच झिजते, वाळू कानशीसारखी काम करते. व्हर्नियर कॅलिपर घेऊन तिथे मोजा. मी दहाची कडी आठवर आली की फेकायचो, साहेब रागावले तरी.

मिस्त्री_वेंगुर्ले
१३ ऑक्टोबर, रात्री ११.२६

सोपा उपाय सांगू का? तांबं. जुन्या मोटारीची वाइंडिंगची तार घ्यायची आणि साखळीला गुंडाळायची. तांब्यावर शिंपला बसत नाही. पूर्वीच्या जहाजांना तांब्याचा पत्रा ठोकायचे ते उगाच नाही.

निवृत्त_बोयावाला
१४ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

मिस्त्री, पत्र्याचं खरं आहे, तारेचं नाही. आणि यात एक मजा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ब्रिटिश नौदलाने १७६१ साली एचएमएस अलार्म या जहाजाला तांब्याचा पत्रा ठोकून बघितला. शिंपले आणि लाकूड पोखरणारे किडे दोन्ही थांबले. पुढे सगळा ताफा तांब्याने मढवला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे, ते त्याच जमान्यातलं. पण तांबं समुद्रात हळूहळू विरघळायचं, खर्च फार. म्हणून १८२४ च्या सुमारास हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला विचारलं. त्याने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली, अगदी त्याने सांगितल्याप्रमाणे. आणि मग त्या झिजत नसलेल्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नॅकल चढले! कारण शिंपल्यांना पळवून लावत होतं ते तांबं नव्हतं, विरघळणारं तांबं होतं.

आता तुमची तार जीआय साखळीला गुंडाळा. साखळीवरचं जस्त त्या तारेला वाचवणार, म्हणजे तार विरघळणार नाही, म्हणजे शिंपले तारेवरही बसणार, आणि साखळी मात्र दुप्पट वेगाने जाणार. दोन्हीकडून तोटा. तांब्याचा रंगही उघड्या जीआयवर किंवा अॅल्युमिनियमवर लावायचा नाही, त्याच कारणासाठी.

मिस्त्री_वेंगुर्ले
१४ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

बरं. तार परत पेटीत.

रंगारी_मिरकरवाडा
१४ ऑक्टोबर, दुपारी १.४०

दुकानदाराने रंग विकला, कशावर मारणार ते विचारलं नाही, तिथेच गडबड झाली. तुमचा बोया पॉलिथिलीनचा. ज्या प्लास्टिकच्या बरण्या-टाक्या होतात तेच. त्यावर कोणताच रंग धरत नाही, पॉलिश पेपर मारा नाहीतर प्रायमर. तेलकट तव्यावर पाणी टाकल्यासारखं. तुमची सालपटं निघाली ती रंगाची चूक नाही.

फायबरच्या किंवा लोखंडी बोयाला रंग चालतो. लोखंडाला आधी इपॉक्सीचे दोन-तीन हात, म्हणजे तांबं लोखंडाला भिडत नाही, मग शिंपले-रोधक रंगाचे दोन हात आणि पाण्याच्या रेषेला तिसरा. तिथे ऊन, लाटा आणि शेवाळ तिन्हींचा मारा असतो.

पण त्यातही गोम आहे. बाजारात हल्ली बहुतेक रंग स्वतः झिजत जाणारे. बोट चालली की वरचा थर पाण्याने घासून जातो आणि खालून ताजं तांबं वर येतं. बोया कुठे चालतो? जागच्या जागी डुलतो. त्यामुळे रंग बोटीवर जितका टिकतो-चालतो तितका बोयावर चालत नाही. सिलिकॉनच्या गुळगुळीत रंगांचं तेच, त्यांना बोटीचा वेग लागतो, तेव्हा शिंपले घसरून पडतात. बोयावर ते चढतातच, फक्त काढताना कमी त्रास देतात. बोयाला झिजणारा नाही, कडक थराचा रंग मागा, आणि रंग मारून महिनोन्‌महिने उन्हात ठेवू नका, डब्यावर दिलेल्या मुदतीत पाण्यात टाका.

दोराला रंग मारायचा विचारच सोडा. दोर वाकतो, रंग तडकतो.

सागरशाळा
१४ ऑक्टोबर, रात्री ९.३५

रंगाचं चाललंच आहे तर दोन शब्द. पूर्वी टीबीटी नावाचा कथिलाचा रंग यायचा, जबरदस्त चालायचा. फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीतली कालवांची शेती त्याने बसवली, कवचं वेडीवाकडी व्हायला लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर तो बंद केला आणि २००८ पासून जगभरच्या जहाजांवर बंदी आली. कुणाकडे जुना डबा "फार भारी आहे" म्हणून आला तर हात लावू नका.

तांबं त्या मानाने सौम्य, पण निरुपद्रवी नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, आणि प्रवाळाच्या पिल्लांना तांबं सोसत नाही. तुम्ही पर्यटकांना जे दाखवायला नेता तेच मारायचं का? मोठ्या जहाजाला रंगाशिवाय गत्यंतर नाही. चार बोयांना आहे.

कर्लीकाठ
१४ ऑक्टोबर, रात्री १०.१०

ताई, बरोबर. पण मग काय करू तेही सांगा. "हे नको, ते नको" एवढं घेऊन मी पाण्यात काय टाकू?

सागरशाळा
१४ ऑक्टोबर, रात्री १०.४४

आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं ते. मी फक्त कारणं जोडते.

हवेत सुकवणं हा या सगळ्या जिवांवरचा एकमेव रामबाण. लहान असतील तर तीन-चार दिवस पुरतात. शिणाण्यांचा घोस असेल तर पंधरा दिवस लागतात, कारण घोसाच्या आत ओल राहते. काही लोक खाडीत वर गोड्या पाण्यात नेऊन ठेवतात, पण एक-दोन दिवसांनी काही होत नाही, शिणाणे आणि बार्नॅकल दारं मिटून बसतात.

दुसरं म्हणजे लवकर पुसणं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जे असतं ते गोणपाटाने पुसून निघतं. तांदळाएवढा बार्नॅकल अंगठ्याने सुटतो, बोराएवढा छिन्नीला दाद देत नाही. तुम्ही दोन महिन्यांनी एकदा तीन तास घालवता. त्याऐवजी तीन आठवड्यांनी वीस मिनिटं घाला. हातमोजे घाला मात्र, बार्नॅकलची जखम चिघळते.

पाणबुड्या_पक्या
१५ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

मी एक ऐकलंय, वंगणाच्या ग्रीसमध्ये तिखट कालवून लावायचं. मिरचीने शिंपला पळतो म्हणे.

रंगारी_मिरकरवाडा
१५ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

आमच्याकडे एकाने शंकासुरी मिरची घालून केलं होतं. लावणारा आठवडाभर डोळे चोळत होता, शिंपल्यांना पत्ता नाही. ग्रीस पाण्यात टिकत नाही, ते गेलं की मिरची गेली.

ऑकलंडचा_अभ्या
१५ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

इकडे न्यूझीलंडमध्ये खाड्यांत शेकड्यांनी मूरिंग आहेत. माझी स्वतःची एक लहान शिडाची बोट आहे. इकडची पद्धत सांगतो, जमलं तर उचला.

मूरिंगची जागा प्रशासनाकडून घ्यावी लागते आणि ठरावीक वर्षांनी मान्य ठेकेदाराकडून सगळं वर उचलून तपासून घ्यावं लागतं. शॅकल न शॅकल मोजतात. चकचकीत करून घेण्यात कुणाला रस नसतो. शिंपले पाण्याच्या झोताने उडवतात ते फक्त खालचं लोखंड दिसावं म्हणून.

दुसरं, होडी बांधायचा हातातला दोर पाण्यात लोंबत ठेवत नाहीत. तो बोयाच्या वर आडवा राहील अशी व्यवस्था करतात किंवा त्याला छोटा तरंगता गोळा लावतात. पाण्यात नसेल तर त्याला काही चढणारच नाही. कर्लीकाठ, तुमचा पोरगा ज्या दोराला हात घालतो तो तरी कोरडा ठेवा, हात कापणार नाहीत.

तिसरं, इकडे भूमध्य समुद्रातला एक नळीतला पंखेवाला किडा येऊन बसलाय, ऑकलंडच्या बंदरात भरपूर. म्हणून उत्तरेकडच्या नॉर्थलंडमध्ये बोट न्यायची तर तळ जवळजवळ स्वच्छ लागतो, बुळबुळ चालते, त्यापुढचं नाही.

सागरशाळा
१५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

हे आपल्यालाही लागू आहे. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांत मायटिलॉप्सिस सॅलेई नावाचा बाहेरून आलेला काळ्या पट्ट्यांचा छोटा शिंपला आहे. तोच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरीनात सापडला तेव्हा त्यांनी मरीनाचे दरवाजे बंद करून आत क्लोरीन आणि मोरचूद ओतला, पण तो संपवलाच. मुंबईहून जुना बोया किंवा दोर स्वस्तात आणणार असाल तर आधी पंधरा दिवस वाळवा, मग देवबागच्या पाण्यात टाका. त्याचं खरवडलेलं खाडीत ढकलू नका, जमिनीवर पुरा. माडाला खत होईल.

निवृत्त_बोयावाला
१५ ऑक्टोबर, रात्री ८.४८

अभ्याच्या पद्धतीला माझी एक पुस्ती. रचनाच अशी करा की बदलायचा भाग हाताने बदलता येईल. तळापासून स्विव्हलपर्यंत साखळी पाण्यातच राहू दे. वरचा दोर मात्र दोन्ही टोकांच्या फासात थिंबल (दोर घासू नये म्हणून धातूची खोबण) घालून, शॅकलने जोडलेला ठेवा. असे प्रत्येक मूरिंगला दोन तुकडे. महिन्याने वरचा सोडा, दुसरा जोडा. शॅकलच्या पिनेला जीआय तारेचा फास मारायला विसरू नका, नाहीतर पीन फिरत फिरत निघते.

बोयाला ताडपत्रीचा झगा शिवा. पाण्याखालचा भाग झाकेल असा, घट्ट, खाली नाडी. शिंपले झग्यावर बसतील, झगा उतरवून वाळत टाका. सैल शिवलात तर आतल्या बाजूलाही बसतील.

आणि दोरावर जुना अग्निशामक होज चढवणारे असतात. चांगला उपाय आहे, फक्त होज वर सरकवून आतला दोर बघता आला पाहिजे. दिसत नाही ते लावायचं नाही.

कर्लीकाठ
१६ ऑक्टोबर, रात्री ९.००

वाखु (वाचनखुणा) साठवल्या, सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवले. चार मूरिंग आहेत तर चार प्रकार करून बघतो. पहिल्याला ताडपत्रीचा झगा आणि दोन दोर. दुसऱ्याला भावाकडचा जुना लोखंडी बोया, रंगारीदादांच्या पद्धतीने, घरात उरलेला रंग संपेपर्यंत, ताई रागावू नका. तिसऱ्याला दर तीन आठवड्यांनी गोणपाट. चौथ्याला काही नाही. स्विव्हल सगळी जीआय.

कर्लीकाठ
१८ जानेवारी, रात्री ९.३०

तीन महिने झाले. कबूल केल्याप्रमाणे हिशेब.

चौथा, काहीच न केलेला: नेहमीचाच अवतार. वरचा दोर मनगटापेक्षा जाड.

दुसरा, रंगवलेला: बोया छान, पाण्याच्या रेषेवर हिरवं शेवाळ आणि तळाशी सात-आठ बार्नॅकल. पण रंग बोयालाच ना, दोर आणि साखळी चौथ्यासारखीच. म्हणजे एवढे पैसे घालून जो भाग मला डोळ्यांनी दिसतो तोच स्वच्छ राहिला. रंग संपलाय, परत घेणार नाही.

तिसरा, गोणपाटाचा: नियम पाळला तोवर उत्तम. नाताळच्या गर्दीत एक पाळी चुकली, पाच आठवडे गेले. मग मात्र गोणपाटाने भागलं नाही, लाकडी उलथणं घ्यावं लागलं. ओलं असतानाच खरवडलं तर सुटतं, वाळलं की चकत्या सिमेंट होतात, हे नव्याने कळलं.

पहिला, झग्याचा: सगळ्यात कमी कष्ट. झगा इतका जड झाला की दोघांनी ओढला. बोया नवाकोरा. दोर दोनदा बदलला, दर वेळी दहा मिनिटं.

आणि मुख्य म्हणजे चारही स्विव्हलच्या खालची कडी स्वच्छ करून मोजली. चारही दहाच्या अगदी जवळ. तळाला वाळूत घासणारा भाग मात्र एका ठिकाणी साडेआठवर आलाय. बोयावालेकाका म्हणाले होते तिथेच, जिथे एक शिंपला नाही. ती साखळी उलटी करून लावली, मे मध्ये बदलणार.

रंगारी_मिरकरवाडा
१८ जानेवारी, रात्री १०.१२

रंगाचं प्रामाणिक लिहिलंत. धंद्याला मारक आहे, पण खरं आहे.

निवृत्त_बोयावाला
१९ जानेवारी, सकाळी ७.३०

साडेआठची कडी मे पर्यंत थांबणार नाही, वाऱ्याचे दिवस मध्ये आहेत. चार मीटरचा तुकडा आत्ताच बदला.

कर्लीकाठ
१९ जानेवारी, दुपारी १.००

बरं काका. शनिवारी भांगाचं पाणी आहे, ओढ कमी असेल, तेव्हाच करतो.

आता एक घरगुती अडचण. वाळत घातलेले दोर आणि झगे मागीलदारी माडाला टांगलेत. चौथ्या दिवसापासून असा वास सुटलाय की बायकोने तुळशीकडची खिडकी लावून घेतली आणि शेजारची मांजरं रात्रभर मुक्कामाला. किती दिवस हे?

आबा_तांडेल
१९ जानेवारी, दुपारी १.२२

आठ दिस. मगे वास जाता, मांजरा जाणत नाय.

ऑकलंडचा_अभ्या
१९ जानेवारी, संध्याकाळी ५.४०

दोर कशाचा आहे ते बघा पण. पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर सतत उन्हात टांगू नका, उन्हाने कुसकरतो. नायलॉन बरा, पॉलिएस्टर त्याहून बरा. झाडाच्या सावलीत वारा लागेल असा ठेवा, शिंपले वाऱ्यानेही मरतात.

कर्लीकाठ
१९ जानेवारी, संध्याकाळी ७.०५

पॉलिप्रॉपिलीनच आहे. निळा. उद्या सकाळी काढून नाव ठेवायच्या मांगरात टांगतो. बायकोही खूश होईल, मांजरं काय करतात ते कळवतो.